रिकामा रकाना

कुणाला पालीची भीती वाटते, कुणाला तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांची. मला गेल्या वर्षापासून एका अगदी क्षुल्लक वस्तूची धास्ती बसली आहे. ती वस्तू म्हणजे लाल चांदणी. आभाळातली नव्हे, संगणकाच्या पडद्यावर, फॉर्ममधल्या रकान्याशेजारी बसलेली. आपण सर्वांनीच ती पाहिली आहे. प्रवेशाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीचा असो, नाहीतर रेल्वेचं तिकीट असो. जिथं चांदणी तिथं उत्तर दिल्यावाचून सुटका नाही. उत्तर दिलं नाही तर खालचं बटन दाबून दाबून बोट दुखेल, पण अर्ज जागचा हलणार नाही.

वाचकांना वाटेल, अर्ज भरून भरून कंटाळलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची ही तक्रार आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. माझी अडचण निराळी आहे. चांदण्या लावणारा मीच होतो.

त्याचं असं झालं. माझा मामा बुऱ्हाणपूरला असतो. हे गाव मध्य प्रदेशात, पण आपल्या जळगाव जिल्ह्याला इतकं खेटून की तिथल्या बाजारात मराठी सहज कानावर पडते. मामानं नोकरीची बहुतेक वर्षं असीरगडाच्या परिसरातल्या एका लहान शाळेत इतिहास आणि हिंदी शिकवण्यात घालवली. तो निवृत्त व्हायच्या बेताला आला तेव्हा त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा घ्यायचं ठरवलं. विद्यार्थी पांगलेले; कुणी सुरतेला, कुणी इंदूरला, कुणी पुण्याला. प्रत्येकानं शाळेची एक आठवण लिहून पाठवावी, सगळ्या आठवणींची एक वही करावी आणि ती मास्साबना द्यावी, अशी कल्पना निघाली. तिकडे मास्तरांना 'मास्साब' म्हणतात. मामाचा मला फोन आला, "तू कॉम्प्युटर शिकतोस ना? मग एवढं कर. पोरांना लिहून पाठवायला सोपं पडेल असं काहीतरी बनव."

'सोपं पडेल असं' हे त्याचे शब्द होते. ते मी नंतर पुष्कळदा आठवले.

मी एका संध्याकाळी बसून पान तयार केलं. त्यावर फॉर्म: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल, ई-मेल आणि शेवटी आठवणीसाठी मोठा चौकोन. मजकूर भरून बटन दाबलं की त्याची ई-मेल होऊन माझ्याकडे येणार. सात रकाने आणि सातही रकान्यांना लाल चांदणी! का, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. अर्धवट भरलेला फॉर्म मला गबाळा वाटे, एवढंच. शिवाय चांदणी लावायला कष्ट पडत नाहीत. रकान्याच्या व्याख्येत 'रिक्वायर्ड' हा एकच शब्द घातला की पुढचं काम ब्राउझर करतो. पूर्वी असं नव्हतं. १९९५ साली मॅट राइट नावाच्या अमेरिकन मुलानं 'फॉर्ममेल' नावाचा प्रोग्रॅम फुकट वाटला होता. वेबवरच्या फॉर्मचा मजकूर ई-मेलनं पाठवणं एवढंच त्याचं काम. त्यात कोणते रकाने आवश्यक आहेत त्यांची यादी पान बनवणाऱ्यानं द्यायची आणि यादीतला एखादा रिकामा आढळला की प्रोग्रॅम भरणाऱ्याला परत पाठवायचा. आता २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीपासून ती पाहणी ब्राउझरच्या अंगवळणी पडली आहे.

पण आम्हा शिकणाऱ्यांना पहिल्याच वर्षी बजावलेलं असतं की ब्राउझरच्या पाहणीवर विसंबू नका. ती चुकवून कुणीही थेट सर्व्हरकडे मजकूर पाठवू शकतो. शिवाय तिची नजर अधू. रकान्यात नुसता स्पेसबार दाबला तरी तिला तो भरलेला वाटतो. म्हणून मी सर्व्हरवर दुसरी पाहणी बसवली. आलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा आधी छाटायच्या आणि मग उरलं काय ते बघायचं. काहीच उरलं नाही तर 'हा रकाना भरा' असं सांगून फॉर्म पुन्हा दाखवायचा. दोन दरवाजे, दोन पहारेकरी! मी स्वतःवर खूष होतो.

पान मी माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मित्राला दाखवलं. त्यानं क्षणभर बघितलं आणि विचारलं, "आडनावाला चांदणी कशाला घातलीस?" त्याच्या घरी आडनाव लावायची रीत नाही. गावाचं एक अक्षर, वडिलांच्या नावाचं एक अक्षर आणि पुढं त्याचं नाव. आडनाव मागणाऱ्या प्रत्येक अर्जात त्याला काहीतरी कसरत करावी लागते. एका ठिकाणी त्यानं स्वतःचंच नाव दोनदा लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव आडनाव म्हणून दिलंय. आता ही दोन माणसं एकच आहेत हे सिद्ध करत तो हिंडतो. "तिकडे सगळ्यांना आडनावं असतात," मी ठामपणे म्हणालो. मी तोवर असीरगड पाहिलाही नव्हता.

पंधरा दिवसांत अकरा पत्रं आली. मामाच्या हाताखालून शेकड्यांनी मुलं गेली होती. मी पत्रं उघडून पाहू लागलो. तिघांच्या आडनावाच्या रकान्यात नुसतं एक टिंब होतं. दोघांचा ई-मेल पत्ता असा होता की त्यावर पत्र पाठवलं असतं तर ते पृथ्वीच्या पाठीवर कुणालाच मिळालं नसतं. आणि जन्मतारखा? अकरापैकी सहाजण १ जुलैला जन्मलेले! माझे दोन्ही पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे होते आणि त्यांच्या नाकासमोरून टिंबं आत शिरत होती. रकाना रिकामा नाही ना, एवढंच यंत्राला कळतं. तो भरलेला आहे की नुसता बुजवलेला आहे, हे कळत नाही.

सुट्टी लागली तशी मी बुऱ्हाणपूर गाठलं. दुसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "चल, तुला किल्ला दाखवतो. पोरांनाही वाटेत भेटू." जाण्यापूर्वी त्यानं मला गावातल्या जामा मशिदीत नेलं. तिथं भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. मशीद बांधणाऱ्या आदिलशाह फारुकीचा तो लेख. त्यात विक्रम संवत १६४६ आहे, शके १५११ आहे, महिना पौष, शुक्ल पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण आहे. तिथी किती घटका होती तेही आहे. शिवाय त्या राजाच्या पूर्वजांची नावं. मामा म्हणाला, "बघ, याला म्हणतात फॉर्म भरणं! एकही रकाना सोडलेला नाही." मला ते फार आवडलं. माझ्या सातही चांदण्यांना चारशे वर्षांपूर्वीचा आधार सापडला असं वाटलं.

असीरगड तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, इंदूरच्या रस्त्यावर. सातपुड्याच्या रांगेतून हा रस्ता खाली तापीच्या खोऱ्यात उतरतो, तो नेमका या किल्ल्याच्या नजरेखालून. उत्तरेतून दक्षिणेत यायचं तर ही खिंड ओलांडावी लागे, म्हणून असीरगडाला दख्खनची किल्ली म्हणत. किल्ला तीन टप्प्यांत चढत जातो. खाली मलयगड, मध्ये कमरगड आणि माथ्यावर असीरगड. अकबराच्या फौजा महिनोन्‌महिने वेढा घालून बसल्या होत्या आणि जानेवारी १६०१ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. तोफांनी नव्हे, वाटलेल्या सोन्यानं दरवाजे उघडले, असं लोक सांगतात. धापा टाकत एकामागून एक दरवाजे ओलांडताना मी मामाला माझ्या दोन पहारेकऱ्यांची गोष्ट सांगितली. तो हसून म्हणाला, "पहारेकरी कितीही ठेव. आत कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही हे आधी ठरवावं लागतं."

माथ्यावर एक जुनी मशीद आहे आणि एक शिवमंदिर आहे. चिरंजीव अश्वत्थामा भल्या पहाटे येऊन या पिंडीवर फूल वाहून जातो, अशी इकडे श्रद्धा आहे. मी मनात म्हटलं, हा एक गृहस्थ आमच्या फॉर्ममध्ये कधीच बसायचा नाही. पत्ता नाही, मोबाइल नाही आणि जन्मतारीख विचारली तर कुठल्या युगात सांगणार?

मंदिराच्या पायरीवर बसून मामानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून माझ्या आवडत्या मशिदीच्या लेखाचा तोरा जरा उतरला. या असीरगडावर इंग्रजी अमदानीत, शिंद्यांच्या सामानातल्या एका पेटीत, एक तांब्याची मुद्रा मिळाली. मुद्रा सहाव्या शतकातली, मौखरी वंशातल्या शर्ववर्मा या राजाची. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांचा जो मोठा संग्रह छापला त्यात तिचं वाचन आहे. मुद्रेवर राजाची वंशावळ आहे आणि ती अशी: हरिवर्मा, त्याचा जयस्वामिनीपासून झालेला पुत्र आदित्यवर्मा, त्याचा हर्षगुप्तेपासून झालेला ईश्वरवर्मा, त्याचा उपगुप्तेपासून झालेला ईशानवर्मा, आणि त्याचा लक्ष्मीवतीपासून झालेला शर्ववर्मा.

"प्रत्येक पिढीला आईचं नाव!" मी म्हणालो. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं, असं सरकारनं ठरवलं, तेव्हा आमच्या वर्गात केवढा वाद झाला होता. इथं तांब्यावर चौदाशे वर्षांपूर्वी ते होऊन गेलेलं! माझ्या फॉर्ममध्ये मात्र आईसाठी रकानाच नव्हता. आणि जो रकाना नाही तो रिकामा आहे हे कोणता पहारेकरी सांगणार?

"पुढचं ऐक," मामा म्हणाला. "अशी मुद्रा ताम्रपटाला जोडलेली असते. मुद्रा म्हणजे पाठवणाऱ्याची सही. मजकूर पटावर. इथं मुद्रा मिळाली, पण पट मिळाला नाही. राजानं कुणाला काय दिलं, कधी दिलं, कुठून दिलं, सगळं गेलं. मौखरींचं राज्य इथवर होतं की ही मुद्रा दुसरीकडून कुणी आणली, यावर पंडित अजून भांडतात. बापाचं नाव, आईचं नाव, आज्याचं, पणज्याचं, सगळं आहे. आणि सांगायचं होतं तेवढंच नाही."

हे ऐकताना मला ती इतिहासातली एक चुटपुट वाटली. अर्ध्या तासानं तीच गोष्ट माझ्या अंगावर येणार आहे याची कल्पना नव्हती.

किल्ला उतरून आम्ही पायथ्याच्या वस्तीत एका घरी थांबलो. घर एका म्हाताऱ्या बाईंचं. त्यांची नात सुट्टीवर आली होती. ती एका दवाखान्यात नर्स आहे. मामाला पाहताच ती वाकली, चहा टाकला आणि मामानं माझी ओळख करून दिली, "हा माझा भाचा. तो फॉर्म यानंच बनवलाय." ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "भैया, तुमच्या फॉर्मनं मला तीनदा परत पाठवलं."

ती हिंदीत बोलत होती. मी मराठीत सांगतो. पहिल्यांदा तिनं वडिलांच्या नावाचा रकाना सोडून बाकी सगळं भरलं आणि बटन दाबलं. 'कृपया पिता का नाम भरें' असं लाल अक्षरांत आलं. म्हणून तिनं त्या रकान्यात नुसता स्पेसबार दाबला. मजकूर पुढं सरकला आणि क्षणात पान कोरं होऊन परत आलं. तिनं रात्रपाळीनंतर बसून मोबाइलवर अंगठ्यानं लिहिलेली दोन पानं नाहीशी झाली. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. तिनं पुन्हा लिहिलं, थोडं कमी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चार ओळी लिहिल्या. त्याही गेल्या. मग तिनं सोडून दिलं.

चूक कुठं होती हे मला ती बोलत असतानाच कळलं. ब्राउझरच्या पहारेकऱ्यानं तिची मोकळी जागा भरलेली समजून तिला आत सोडलं. माझ्या सर्व्हरच्या पहारेकऱ्यानं ती जागा छाटली, तर उरलं शून्य. तिथवर माझी अक्कल बरोबर चालली होती. पण फॉर्म परत दाखवताना भरलेला मजकूर जागच्या जागी ठेवून पाठवायचा असतो. मी कोराच पाठवला होता. तेवढ्या चार ओळी लिहायचा मी कंटाळा केला होता. पहिल्या दरवाजानं सोडलं, दुसऱ्यानं अडवलं आणि वर हातातलं गाठोडंही काढून घेतलं!

मी ओशाळून म्हणालो, "तुम्ही एखादं टिंब टाकायचं होतं. काही लोकांनी तसं केलंय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या जागी टिंब कसं टाकू? त्या जागी मास्साबनी नानीचं नाव लिहिलंय."

मला काही उमजेना. मग मामानं सांगितलं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ही म्हातारी नातीचा हात धरून शाळेत आली. मुलीची आई गेलेली. वडिलांचं नाव म्हातारी सांगेना. सांगता येत नव्हतं की सांगायचं नव्हतं, ते मामानं विचारलं नाही. जन्मतारीख तर कुणाचीच ठाऊक नसे. मामा आणि त्याच्या आधीचे मास्तर सरसकट १ जुलै लिहीत, कारण शाळा तेव्हा उघडे. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, तसाच हा प्रकार. माझ्या आजोबांचाही १ जूनच होता. तो रकाना रिकामा चालत नसे, म्हणून मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या जन्म वाटले. "तारीख खोटी लिहायला माझा हात अडला नाही," मामा म्हणाला. "तारीख कुणाला दुखत नाही. पण बाप खोटा कसा लिहू?"

त्यानं दाखल-खारिजच्या रजिस्टरात छापलेल्या 'पिता का नाम' या शब्दांवर रेघ मारली, वर 'पालक' असं लिहिलं आणि खाली नानीचं नाव घातलं. पुढं हीच नोंद एका अर्जात वरच्या कार्यालयात गेली आणि 'रकाना अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आली. मामानं तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा मात्र तो परत आला नाही. कुणी मान्य केला की कुणी कंटाळला, कोण जाणे. मुलीचं शिक्षण त्या एका रेघेवर पुढं सरकलं.

"मग तुम्हीही नानीचं नाव लिहायचं होतं," मी हळूच म्हणालो.

"लिहिणार होते. पण भैया, तुम्ही 'पिता' लिहिलंय. नानी पिता नाही. मास्साबनी तो शब्द खोडला होता. तुमचा शब्द मला खोडता येत नाही."

त्या घरातून बाहेर पडल्यावर मी मामाशी फारसं बोललो नाही. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून झोपला आणि मी त्या वाक्याशी झगडत राहिलो. कागदाच्या फॉर्मला आपण सगळे नावं ठेवतो. रांगा, शिक्के, तीन प्रती आणि चार झेरॉक्स! पण कागदाला समास असतो. छापलेला प्रश्न चुकीचा असेल तर त्यावर रेघ मारता येते, बाजूला दोन शब्द लिहिता येतात आणि खिडकीपलीकडे एखादा मास्साब बसलेला असलाच तर तो ते वाचतो. टपालखात्याचंच पाहा. आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते यांतून पत्र सुखरूप जावं, हा त्याचा हेतू. सहा आकडे फार उपयोगाचे. तरीही पिनकोड लिहायला विसरलेल्या माणसाचं पत्र पोस्टपेटी बाहेर फेकून देत नाही. ते आत जातं, कुणीतरी ते हातात घेतं, 'मारुतीच्या देवळामागे' एवढ्या खुणेवरून पोस्टमन घर शोधतो. माझ्या फॉर्ममध्ये पोस्टमन नव्हता. पेटीच तोंड मिटून बसली होती.

म्हणजे पाहणी करूच नये असं मला म्हणायचं नाही. परीक्षेच्या अर्जात आसनक्रमांक नसेल तर निकाल कुणाचा लावणार? औषधाच्या नोंदीत रुग्णाचं नाव सुटलं तर जीवावर बेतेल. ती नर्स मुलगी हे माझ्यापेक्षा चांगलं जाणते. तिच्या वॉर्डातले रकाने रिकामे ठेवून चालत नाहीत. प्रश्न इतकाच की ज्यावाचून काम अडेल तेवढंच मागितलं की मागता येतं म्हणून मागितलं? मला आठवणींची वही करायची होती. त्यासाठी माणसाचा बाप कोण हे विचारायचा मला काय अधिकार होता?

त्या रात्री बुऱ्हाणपूरला मामाच्या माडीवर मी ई-मेलचे मूळ नियम काढून वाचले. जगभर ई-मेल ज्या नियमांनी चालते ते २००८ सालच्या 'आरएफसी ५३२२' या दस्तऐवजात आहेत. त्यात पत्राच्या शिरोभागातले फक्त दोन रकाने आवश्यक मानले आहेत: पत्र कधी लिहिलं आणि कुणी लिहिलं. विषय आवश्यक नाही. 'प्रति'ही आवश्यक नाही. १९८२ सालच्या नियमांत कुणाला पाठवायचं हेही लिहावं लागे. पुढं ती अटही गेली. सगळ्या जगाची टपालव्यवस्था दोन रकान्यांवर भागवते आणि मी एका गावच्या शाळेच्या आठवणींसाठी सात चांदण्या लावून बसलो होतो!

मी एकेक चांदणी काढू लागलो. जन्मतारीख गेली. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. 'नाव' असा एकच लांब रकाना ठेवला, ज्याला जसं लिहायचं तसं लिहू दे. ई-मेल आणि मोबाइल हे रकाने ठेवले, पण 'हवं असल्यास' असे शब्द घालून. तारीख यंत्र स्वतःच घालतं. राहिल्या दोन चांदण्या: नाव आणि आठवण. आणि दुसरा पहारेकरी काही अडवायला लागलाच तर लिहिलेलं सगळं जागच्या जागी ठेवून, कोणता रकाना राहिला ते त्याच रकान्यापाशी नम्रपणे सांगेल, अशी व्यवस्था केली. एवढं करायला मला पाऊण तास लागला. पहिल्यांदाच केलं असतं तर दहा मिनिटं लागली असती.

त्यानंतर पत्रं येऊ लागली. नुसतं नाव आणि तीन ओळी, नुसतं नाव आणि तीन पानं. एकानं नावाच्या रकान्यात 'शेवटच्या बाकावरचा' एवढंच लिहिलं होतं. मामानं वाचलं आणि लगेच ओळखलं. वही चांगली जाड झाली.

त्या मुलीचं पत्र मात्र आलं नाही. मी मामाकडून तिला निरोप पाठवला की फॉर्म दुरुस्त झाला आहे, आता पुन्हा लिहा. तिचा उलट निरोप आला, "तीनदा लिहिलं. आता ते तसं येत नाही." यात राग नव्हता. पण मला असीरगडाची ती मुद्रा आठवली. तिथं नाव उरलं आणि पट हरवला. पट कुणी हरवला हे कुणालाच ठाऊक नाही. इथला पट कुणी हरवला हे मला पक्कं ठाऊक होतं.

वही बांधायला देताना मी त्यात एक कोरं पान घातलं आणि वर तिचं नाव लिहिलं. नुसतं नाव. बाइंडर म्हणाला, "हे पान छापायचं राहिलं वाटतं." मी म्हटलं, "राहू द्या तसंच."

मेळावा शाळेच्या पटांगणात झाला. भाषणं झाली, हार झाले, पोटभर जेवण झालं. वही हातोहात फिरत होती. ती नानीला घेऊन आली होती. वही तिच्याकडे गेली तेव्हा मी लांबून पाहत होतो. पानं उलटत ती आपल्या नावापाशी थांबली. इकडेतिकडे पाहिलं, शेजाऱ्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि मांडीवर वही ठेवून लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. एकदा मध्येच तिनं काहीतरी खोडलं, वर दुसरं लिहिलं आणि पुढं गेली.

तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. मामानं दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.